हृदयाच्या डॉक्टरांना लघवीचा रिपोर्ट कशाला हवा?

साठीपुढचे गृहस्थ. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू. अलीकडे जिना चढताना दम लागतो आणि संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसतात, म्हणून मुलगा त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन येतो. ईसीजी होतो, इको होतो. मग डॉक्टर चिठ्ठीवर आणखी काही लिहितात : क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतले अल्ब्युमिन. बाहेर आल्यावर मुलगा चिठ्ठी उलटसुलट करून पाहतो. "बाबा, दम लागतोय तुम्हाला, आणि हे लघवी कसली तपासतायत?" कट प्रॅक्टिसची शंकाही मनात डोकावून जाते.

शंका घ्यायला आपल्याकडे कारणे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही चिठ्ठी त्यातली नव्हे. खरी तक्रार उलटी करायला हवी : मधुमेह आणि रक्तदाबाच्या कितीतरी पेशंटना वर्षानुवर्षे गोळ्या मिळत राहतात, पण लघवीतले अल्ब्युमिन तपासायला कोणी सांगतच नाही. छातीत धडधडणारा अवयव आणि कमरेच्या वर, पाठीशी लपलेली किडनीची जोडी यांचा हिशेब एकाच वहीत मांडलेला असतो, आणि ती वही आहे मीठ, पाणी आणि रक्ताचा दाब यांची.

चमचा आणि मेणबत्ती

हा संबंध नव्याने सापडलेला नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट अंगावर सूज असलेल्या पेशंटची लघवी चमच्यात घेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. काहींची नुसतीच तापे, काहींची पांढरट होऊन साखळे. लघवीतून प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, वाहून जात असल्याची ती खूण होती. असे पेशंट दगावल्यावर ब्राइट शवविच्छेदन करत. किडन्या आकसलेल्या, खडबडीत सापडत. पण त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. १८३६ मध्ये अशा शंभर पेशंटचा आढावा घेताना त्यांनी लिहिले की यातल्या पुष्कळांचे हृदय मोठे झालेले होते, डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली होती. आणि झडपांत बिघाड नसतानाही ती जाड होती.

त्या वेळी रक्तदाब मोजायचे साधनच नव्हते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांची पद्धत आली १८९६ मध्ये, ब्राइट यांच्या आढाव्यानंतर साठ वर्षांनी. तरी ब्राइट यांनी तर्क केला : किडनी बिघडली की रक्ताचा गुण बदलत असावा, आणि एकतर ते रक्त हृदयाला चेतवत असावे किंवा बारीक रक्तवाहिन्यांतून ते पुढे ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा. दुसरा तर्क आजच्या माहितीच्या बराच जवळ जातो.

तीनशे ग्रॅमचा पाचवा वाटा

माणूस स्वस्थ बसला असताना हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते. दोन्ही किडन्यांचे वजन मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्का. पण या पाच लिटरपैकी एक लिटरभर, सुमारे पाचवा हिस्सा, त्यांच्याकडे जातो. किडनीला स्वतःच्या पोषणासाठी एवढ्या रक्ताची गरज नसते. ते येते गाळून घेण्यासाठी.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. एकेक गाळणी म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. त्यात एक वाहिनी रक्त आणते, दुसरी घेऊन जाते, आणि दोन्हींची तोंडे गरजेप्रमाणे आवळतात किंवा सैलावतात. आतल्या दाबामुळे रक्तातले पाणी, क्षार, साखर, टाकाऊ पदार्थ असे सगळे बाहेर झिरपते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने आतच राहतात. दिवसाला असे सुमारे १८० लिटर पाणी झिरपते. लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेले सगळे, त्यातल्या जवळपास सर्व मिठासकट आणि साखरेसकट, किडनीच्या नळ्या परत रक्तात ओढून घेतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे दाब. गुंत्यातला दाब पडला तर गाळण थांबते. फार वाढला तर गुंते फाटतात, चट्टे पडतात आणि अल्ब्युमिन गळू लागते. म्हणून किडनीला रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते, आणि तो हवा तसा फिरवायची यंत्रणाही तिच्याकडेच आहे. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटले. पुढे तीस-पस्तीस वर्षे या शोधाची फारशी कोणी दखल घेतली नाही.

ती घ्यायला लावली हॅरी गोल्डब्लाट यांनी. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ते पॅथॉलॉजिस्ट होते. उच्च रक्तदाबाने मेलेल्यांच्या शवविच्छेदनात किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या त्यांना दिसत. रक्तदाबामुळे वाहिन्या अरुंद झाल्या, असे तेव्हा सगळे धरून चालत. गोल्डब्लाट यांनी क्रम उलटा असेल का, असे विचारले. कुत्र्यांच्या किडनीच्या रक्तवाहिनीवर त्यांनी चांदीचा छोटा चिमटा बसवला आणि तो थोडासाच आवळला. कुत्र्यांचा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. १९३४ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

किडनीचा गैरसमज

गोल्डब्लाट यांच्या चिमट्याने जे दाखवले ते एकदा समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. त्या कुत्र्यांच्या अंगात रक्त कमी नव्हते, दाबही कमी नव्हता. पण चिमट्यापलीकडे किडनीपर्यंत जे पोचत होते ते कमी होते. किडनीला फक्त आपल्या दाराशी आलेले रक्त कळते. तेवढ्यावरून ती अख्ख्या शरीराचा अंदाज बांधते.

दाराशी रक्त कमी आले की ती मानते : कुठेतरी रक्तस्राव झालाय, किंवा जुलाबांनी पाणी गेलेय. माणसाच्या पूर्वजांच्या आयुष्यात रक्त कमी पडायची बहुतेक कारणे हीच असणार, आणि त्यांवर किडनीचा उपाय अचूक आहे. ती रेनिन सोडते. रेनिन यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते. फुप्फुसातले एक विकर, ज्याला एसीई म्हणतात, तो तुकडा आणखी छाटते आणि अँजिओटेन्सिन हे जोरदार द्रव्य तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते, तहान लावते आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉनचा किडनीला निरोप एकच : मीठ जाऊ देऊ नकोस. मिठाबरोबर पाणी राहते. रक्त गेलेला माणूस यावर काही तास, काही दिवस तग धरतो.

आता हृदय दुबळे झालेला माणूस घ्या. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात; हृदय बंद पडलेले नसते, गरजेइतके रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद कमी झालेली असते. किडनीच्या दाराशी रक्त कमी पोचते. किडनीला हृदय दिसत नाही. ती आपला ठरलेला अर्थ लावते आणि ठरलेला उपाय सुरू करते : वाहिन्या आवळा, मीठ धरा, पाणी धरा. आधीच दमलेल्या हृदयापुढे आता आवळलेल्या वाहिन्या आहेत आणि मागून जास्तीचे पाणी येतेय. ते आणखी दमते. किडनीकडे आणखी कमी रक्त जाते. ती आणखी जोराने तेच करते. पायावर सूज येऊन अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडू लागतो तोवर अंगात दोन-तीन लिटर पाणी जास्तीचे साठलेले असते, आणि किडनी तरीही पाणी कमी आहे असेच धरून चाललेली असते.

अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन एवढ्यावर थांबत नाहीत. ती महिनोन्महिने वाढलेली राहिली की हृदयाच्या स्नायूत आणि किडनीच्या गुंत्यांत चिवट, निरुपयोगी धागे तयार होतात. सूज उतरवता येते. हे धागे परत जात नाहीत.

हृदय हे सगळे मुकाट्याने सोसत नाही, हे मात्र फार उशिरा कळले. कॅनडात अदोल्फो दे बोल्द यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि ते उंदीर भराभर लघवी करू लागले, मीठही टाकू लागले. १९८१ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर हृदयाला ग्रंथींच्या यादीत जागा द्यावी लागली. कप्पे ताणले गेले की हृदय किडनीला सांगते : पाणी सोड. आज दम लागलेल्या पेशंटची बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी करतात ती याच कुटुंबातल्या संदेशांची मोजणी. रेनिनच्या आरड्याओरड्यापुढे हा आवाज बऱ्याचदा कमी पडतो. शिवाय किडनी अशक्त असेल तर एनटी-प्रोबीएनपी रक्तातून नीट निघून जात नाही, त्यामुळे किडनीच्या पेशंटमध्ये तो आकडा वाढलेला दिसला म्हणजे हृदय बिघडलेच, असे थेट म्हणता येत नाही.

गाळणी कपात बुडाली की

इथवरची गोष्ट पुढे जाणाऱ्या रक्ताची झाली. बराच काळ डॉक्टरही तेवढीच सांगत : हृदय कमी ढकलते, किडनी सुकते. पण हृदयाच्या मागे जे साठते त्याचे काय?

चहा गाळताना कप काठोकाठ भरत आला आणि गाळणीचे बूड चहात टेकले की वरचा चहा उतरायचा थांबतो. गाळणी स्वच्छ असते, वरून ओतणेही चालू असते. खाली जागा नसते एवढेच. दुबळ्या हृदयाला मागून आलेले रक्त उचलता येत नाही तेव्हा ते शिरांत तुंबते. किडनीतून बाहेर पडणाऱ्या शिरेतही तुंबते. आतला दाब वाढतो, नळ्या दाबल्या जातात आणि गाळण मंदावते. एफ. आर. विंटन यांनी १९३१ मध्येच कुत्र्याच्या किडनीवर प्रयोग करून दाखवले होते की शिरेतला दाब वाढवला की लघवी कमी होते. हेही विस्मरणात गेले. २००९ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर मोजमापे केली तेव्हा किडनीच्या बिघाडाशी जास्त घट्ट नाते दिसले ते शिरांतल्या तुंबलेल्या दाबाचे, कमी पडलेल्या पुरवठ्याचे तेवढे नाही.

घरातल्या माणसांना हे माहीत असण्याचा थेट उपयोग आहे. पेशंटच्या अंगावर सूज आहे, क्रिएटिनिन वाढलेय, आणि डॉक्टर 'लघवीची गोळी' वाढवतात. शेजारचे कोणीतरी सांगते, अहो, ती गोळी किडनीला वाईट, कमी करा. अंगात पाणी तुंबलेले असताना हा सल्ला बऱ्याचदा नेमका चुकीचा ठरतो. तुंबलेले पाणी उतरले की क्रिएटिनिनही खाली येऊ शकते. उलट, सूज पूर्ण उतरून गेल्यावरही तीच मात्रा चालू राहिली तर किडनी खरोखरच कोरडी पडते. गोळी तीच, पेशंटही तोच. पाणी आज किती आहे यावर सगळे ठरते. म्हणूनच रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच वजनकाट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहायला सांगतात. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, आणि डॉक्टरांना फोन करायची वेळ आहे.

मिठाचाही हिशेब इथेच लागतो. अंगातल्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ ग्रॅम मीठ असते. म्हणजे किडनीने नऊ ग्रॅम मीठ धरून ठेवले की एक लिटर पाणी त्याच्याबरोबर राहिले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. 'आम्ही वरून मीठ घेत नाही' असे सांगणाऱ्या घरात लोणचे, पापड, फरसाण, खारी, पाव यांची गणती बहुधा झालेली नसते. पापडखारातला सोडियम तर मिठाच्या नावावर कोणी धरतही नाही.

---
चौकट : रिपोर्टात काय पाहायचे

*क्रिएटिनिन* हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ. स्नायू कमी असतील तर तो कमीच दिसतो. क्रिएटिनिन १.२ असलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची गाळणक्षमता सुमारे ८६ भरते, तेच १.२ पंचाहत्तर वर्षांच्या आजींचे असेल तर ती सुमारे ४७ येते. लॅबच्या कागदावर दोघांच्याही पुढे 'नॉर्मल' छापलेले असू शकते.

*ईजीएफआर* म्हणजे वय आणि लिंग धरून क्रिएटिनिनवरून काढलेला गाळणक्षमतेचा अंदाज. तीन महिने किंवा जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा दीर्घ आजार.

*लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण* (एसीआर) : ३० च्या वर गेले आणि तसेच राहिले तर गाळण्या गळू लागल्या आहेत. ईजीएफआर चांगला असतानाही हे वाढलेले सापडू शकते, आणि हृदयाच्या धोक्याचीही ती आगाऊ सूचना असते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी ही तपासणी करावी.

*पोटॅशियम* : साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान.

---

सिॲटलचा पहिला पेशंट

आता उलट्या बाजूने बघू : बिघाड किडनीत सुरू झाला तर हृदयाचे काय होते?

मार्च १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी क्लाइड शील्ड्स नावाच्या पेशंटच्या हातात टेफ्लॉनची एक नळी कायमची बसवली. तोवर डायलिसिस काही दिवसांपुरतेच करता येई, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. त्या नळीमुळे शील्ड्स पुढे अकरा वर्षे जगले. १९७१ मध्ये ते गेले ते हृदयविकाराच्या झटक्याने. १९७४ मध्ये सिॲटलच्याच डॉक्टरांनी आपल्या डायलिसिसच्या पेशंटचा आढावा मांडला : यंत्र किडनीचे काम निभावून नेत होते, पण या माणसांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या वयाच्या मानाने फार लवकर खराब होत होत्या.

पुढे कळले की हा धोका डायलिसिसची वाट बघत थांबत नाही. कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात ईजीएफआर ४५ ते ५९ असलेल्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका इतरांच्या सुमारे १.४ पट निघाला. १५ च्या खाली गेलेल्यांना ३.४ पट. किडनीचा दीर्घ आजार असलेल्यांत डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयविकाराने जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. 'क्रिएटिनिन थोडेच वाढलेय, डायलिसिस लांब आहे' या दिलाशात ही गोष्ट झाकून जाते.

कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांना साथ देतात. रक्तदाब वाढतो, डावा कप्पा जाड होतो. ब्राइट यांना दिसला तोच. रक्तपेशी तयार करायचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन किडनीत बनते. ते कमी पडले की हिमोग्लोबिन उतरते आणि तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते. मग इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन पार निरोगी माणसाएवढे करून टाकावे, असे वाटेल. तसे करून पाहिले गेले. २००६ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही, एकीत तर हृदयाचे त्रास वाढले. म्हणून आता किडनीच्या पेशंटचे हिमोग्लोबिन मुद्दाम थोडे कमीच ठेवतात.

तिसरे कारण फॉस्फरसचे. निकामी होत चाललेली किडनी तो बाहेर टाकू शकत नाही. त्याच्यापायी कॅल्शियम आणि संप्रेरके यांचा तोल जातो, हाडे पोकळ होतात आणि कॅल्शियम जिथे नको तिथे, रक्तवाहिनीच्या मधल्या थरात, जाऊन बसते. एरवीच्या हृदयविकारात चरबीचा थर वाहिनीच्या आतून जमतो; इथे भिंतच कडक होते. कडक वाहिनी ठोक्यासरशी फुगत नाही, मग वरचा रक्तदाब चढतो आणि खालचा उतरतो. यात कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा तेवढा उपयोग होत नाही.

आणि पुष्कळदा दुखतही नाही. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या किडनीच्या पेशंटला झटका येतो तेव्हा छातीत कळ येईलच असे नाही. दम, घाम, मळमळ, 'अ‍ॅसिडिटी वाढलीय' एवढ्यावरच निभावून नेले जाते.

शहाळ्याची भीती

पोटॅशियमसाठी वेगळा मथळा द्यायचे कारण, बाकी गोष्टींना वर्षे लागतात आणि याला काही तास पुरतात. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे पेशीच्या आत-बाहेर होणारी क्षारांची ये-जा. आत पोटॅशियम खूप, बाहेर थोडे, हा फरक टिकला तरच ठोका नीट पडतो. जास्तीचे पोटॅशियम मुख्यतः किडनीच बाहेर टाकते. तिने काम टाकले की रक्तातले पोटॅशियम चढते, ईसीजीमधल्या लाटा उंच, टोकदार होतात, ठोके मंदावतात आणि हृदय थांबूही शकते. बहुतेकदा आधी काहीच जाणवत नाही. कुणाला हातपाय गळाल्यासारखे वाटते.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो. किडनीच्या वॉर्डात ते नेऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते. केळी, मोसंबीचा रस, टोमॅटोचे सार, बटाटा यांनाही मर्यादा घालावी लागते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी फेकून दिले तर बरेचसे पोटॅशियम निघून जाते, म्हणून आहारतज्ज्ञ तसे करायला सांगतात. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळणारे मीठ? रक्तदाब असलेल्या, किडनी शाबूत असलेल्या माणसाला ते चांगले. पण त्यातले काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. किडनी अशक्त असलेल्याने आरोग्यदायी समजून तेच मीठ आणले तर संकट स्वयंपाकघरातच सुरू होते. पुडीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा असेल तर एक सुट्टी दोन दिवसांची पडते. अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार पेशंटच्या २०११ मधल्या अभ्यासात या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या कारणाने भरती होणे, दोन्ही जास्त आढळले. साठलेले पाणी आणि पोटॅशियम, दोन्हींचा हात त्यात असणार. आपल्याकडे खर्चापायी, प्रवासापायी आठवड्याला दोनच डायलिसिस करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा प्रत्येक खंड तेवढाच लांब किंवा त्याहून लांब असतो. २०१६ पासून केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत सोय झाली आणि महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जायची एसटी, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार यांचा खर्च मात्र कुठल्या योजनेत बसत नाही.

गोळी सुरू केली आणि क्रिएटिनिन वाढले

दोन्ही अवयव एका साखळीत असतील तर साखळी एका जागी तोडून दोघांचा फायदा व्हायला हवा. तसा होतो. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याच्या दंशाने रक्तदाब कोसळतो. सेर्जिओ फेरेरा या ब्राझिली संशोधकांनी त्या विषाचा अर्क लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत नेला, आणि मघाचे ते एसीई विकर विषातल्या घटकांनी अडते असे आढळले. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंदेत्ती यांनी कॅप्टोप्रिल बनवले. १९८१ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झाले. आजच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या त्याच्या बहिणी, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन या पुढच्या पायरीवर अडवणाऱ्या.

इथे एक गैरसमज हमखास होतो. गोळी सुरू झाली, दोन आठवड्यांनी तपासणी केली, क्रिएटिनिन १.४ चे १.६ झालेले. घरात हाहाकार. खरे तर अँजिओटेन्सिन गुंत्यातून बाहेर जाणारी वाहिनी आवळून आतला दाब चढवून ठेवत असते. गोळीने ती सैलावते, दाब उतरतो, गाळण थोडे कमी होते. हाच उतरलेला दाब गुंत्यांना पुढची अनेक वर्षे वाचवतो. सुरुवातीची वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल आणि पोटॅशियम ठीक असेल तर डॉक्टर सहसा गोळी बंद करत नाहीत. वाढ त्याहून जास्त असेल तर मात्र किडनीच्या वाहिन्याच अरुंद आहेत का, हे बघावे लागते. म्हणजे गोल्डब्लाट यांचा चिमटा, पण निसर्गाने बसवलेला.

दुसरी गोष्ट सफरचंदाच्या झाडाची. त्याच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे केले गेले. त्याने लघवीतून साखर जाते. दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच धर्तीवर मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या आल्या. मधुमेहाच्या नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवा, अशी अट अमेरिकी नियामकाने २००८ मध्ये घातली होती. म्हणून एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली ती निव्वळ सुरक्षिततेसाठी. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. कोणी हे अपेक्षिले नव्हते. पुढे २०१९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या आणि २०२० मध्ये किडनीच्या पेशंटवर डापाग्लिफ्लोझिनच्या चाचण्या झाल्या, मधुमेह नसलेल्यांनाही घेऊन, आणि दोन्हींत फायदा दिसला. या गोळीने नळ्यांत साखर आणि मीठ जास्त राहते, त्यावरून किडनीला 'गाळण पुरेसे होतेय' असा निरोप जातो आणि आत येणारी वाहिनी थोडी आवळते. गुंत्यावरचा ताण उतरतो. हृदयाला नेमके कशामुळे बरे वाटते यावर अजून वाद चालू आहे. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग हा तिचा नेहमीचा त्रास; लाजेपायी कोणी सांगत नाही आणि गोळीच सोडून देतात. साध्या मलमाने तो सहसा बरा होतो.

दोन फाइली, एक पेशंट

अनेक घरांत हृदयाची फाइल वेगळी आणि किडनीची वेगळी असते. एका डॉक्टरांनी वाढवलेली गोळी दुसऱ्यांना माहीत नसते. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय, किडनी आणि मधुमेह-लठ्ठपणा यांना एकाच आजारात बांधणारी मांडणी पुढे केली. कागदावर ते झाले, पण ओपीडीचे दरवाजे अजून वेगळेच आहेत. तोवर साधा उपाय हा की सगळ्या गोळ्यांची एकच यादी, मात्रेसकट, दोन्ही फाइलींत पहिल्या पानावर लावावी आणि शेवटचे क्रिएटिनिन, पोटॅशियम तारखेसकट तिच्याखाली लिहावे.

अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याने किडनी जाते ही भीती पूर्ण खोटी नाही, पण ती फुगवलेली आहे. झटका येत असताना त्या भीतीने थांबणे महागात पडते. पेशंट स्थिर असेल तर गोष्ट वेगळी. किडनी बरीच खालावलेल्या, पण हृदयविकार स्थिर असलेल्या पेशंटवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास या मार्गाने गेलेल्यांना केवळ औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. 'आत्ताच करायला हवी का?' असे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

सगळ्यात दुर्लक्षित धोका केमिस्टच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळतो. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, अंग ठणकते म्हणून आयब्युप्रोफेन. रक्तपुरवठा कमी असताना किडनी आत येणारी वाहिनी सैल ठेवून स्वतःला सांभाळते. या गोळ्या नेमकी ती सोय काढून घेतात आणि वर मीठही धरून ठेवतात. लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्याने त्यात वेदनाशामकाची भर घातली की बाहेरची वाहिनी सैल, आतली आवळलेली आणि पाणी कमी, असा तिहेरी फटका बसतो. आठवड्याभरात किडनी बसलेली, सूज चढलेली, आणि पेशंट हार्ट फेल्युअर म्हणून भरती. दुखण्यासाठी काय चालेल हे आधी विचारावे. डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल सांगतात.

उन्हाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणेपिणे बंद पडले, तर त्या दिवसांपुरत्या यातल्या काही गोळ्या थांबवायच्या असतात. त्यात लघवीच्या गोळ्या, प्रिल आणि सार्टन कुळातल्या, साखर लघवीतून घालवणाऱ्या या गोळ्या येतात. नेमक्या कोणत्या, हे पुढच्या भेटीत विचारून यादीवर खूण करून घ्यावी. आणि जेवणखाण एक-दोन दिवस नीट झाले की त्या परत सुरू करायच्या असतात. थांबवायला सांगणारे बहुतेक जण हे सांगायला विसरतात, आणि पेशंट पुढच्या तपासणीपर्यंत औषधाविनाच राहतो.